सोन्याचं नाव कुणाचं

अथेन्समधल्या आमच्या तांबट आळीत बोलणं म्हणजे ओरडणंच. वर टेकडीवर लोहारदेवाचं देऊळ, खाली आमची दुकानं, आणि उजाडल्यापासून जो तो आपापल्या ऐरणीवर. त्या सगळ्या गोंगाटात बिनआवाजाचं काम एकाच बाईचं होतं, सीराचं. ती मुलामा द्यायची. सोनं ठोकून ठोकून पापुद्र्याहून पातळ वर्ख काढायचा, तो कोमट केलेल्या कांशावर अलगद पसरायचा, आणि मग अकिकाच्या दगडानं घोटत बसायचं. सोनं आणि कांसं एक होईपर्यंत. श्वास जोरात सोडला तरी वर्ख उडतो, म्हणून काम करताना ती श्वाससुद्धा बेतानं घ्यायची.

आणि हीच बाई हातातलं काम खाली ठेवलं की एका जागी ठरत नसे. पायाला भिंगरी म्हणतात तसं. माझं दुकान तिच्या दुकानाला लागून. माझा नवरा थ्रासोन पाण्याच्या हंड्यांना कान आणि कडी बसवतो, मी पुढे बसून भांडी विकते. दिवसातून कितीदा तरी सीरा माझ्या दारात यायची, बसायची, उठायची, एखादं भांडं उचलून उलटसुलट करायची, पुन्हा निघायची. तिचा नवरा फिलाग्रोस शिरस्त्राणं घडवतो. तो म्हणायचा, "माझ्या बायकोचा वर्ख बघा, शंभर वर्षं हलायचा नाही. बायको मात्र जेवण होईपर्यंत ठरली तर नशीब."

सीरा हे तिचं नाव तिच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. खिओस बेटावरच्या माणसांच्या बाजारात विकणाऱ्यानं ते चिकटवलं. सीरा म्हणजे सीरियाकडची. पोर सावळी, केस काळे, पूर्वेकडून आलेली, झाली सीरा. त्याला तरी काय ठाऊक असणार? घोड्याला 'तांबड्या' म्हणावं तसं ते नाव. तेव्हा तिचे दुधाचे दातही पडले नव्हते. अथेन्समध्ये तिला मेलिट्टा नावाच्या मुलामावालीनं घेतलं. मेलिट्टा विधवा, मूलबाळ नाही, तोंडानं फटकळ, पण हातचं राखून शिकवणारी नव्हती. सगळं कसब तिनं सीराच्या हातात घातलं आणि मरताना चार साक्षीदारांसमोर तिला मोकळी केली. पुढं सीरा फिलाग्रोसच्या घरात आली. तोही इथला नव्हे, खाल्किसचा. त्यामुळे दोघंही या शहरात पाहुणेच. कर भरायचा, कुणा नागरिकाला पाठीराखा म्हणून उभं करायचं आणि सणाच्या मिरवणुकीत मागून चालायचं.

पण आपण कुठले, हे फिलाग्रोसला ठाऊक होतं. सीराला ठाऊक नव्हतं. तिच्यापाशी होते दोन शब्द.

ते तिनं मला पहिल्यांदा सांगितले तेव्हा आम्ही दोघी नव्यानं शेजारी झालो होतो. ती म्हणाली, फार लहानपणीचं एक आठवतं. कुणीतरी माझ्यावर वाकलंय, ऊन आहे, डोळ्यांपुढं काहीतरी पिवळं चमकतंय, आणि ते माणूस म्हणतंय, 'हारूस'. शेजारी एक उंच मातीचं भांडं आहे, त्याला हात लावून म्हणतंय, 'कद'. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं की वाकलेली ती तिची आई. पिवळं चमकतं ते आईच्या कानातलं. भांडं पाणवठ्यावरचं. लहान लेकराला आई वस्तूंची नावं शिकवते, तसं.

मला हसू आलं, कारण आम्ही सोन्याला ख्रुसोस म्हणतो आणि उंच मडक्याला कादोस. मी म्हटलं, "अगं, हे तर आमचेच शब्द, जरा बोबडे. इथं येऊन ऐकले असशील."

"मेलिट्टाही हेच म्हणायची," ती म्हणाली. "पण मी ते इथं यायच्या आधी ऐकले. मग तुमचे कसे? तुम्ही ते कुठून आणलेत, ते सांग ना."

आता हे कोण सांगणार? तरी तिच्या त्या प्रश्नानं आमच्या आळीला खूळ लागलं खरं. आम्ही दिवसभर हीच नावं घेतो, कधी विचार केला नव्हता. काही भांडी आपलं नाव आपणच सांगतात. हुद्रिया म्हणजे पाणी भरायची, तिच्या नावातच पाणी आहे. क्रातेर म्हणजे द्राक्षासव आणि पाणी मिसळायचं घंगाळ, त्याच्या नावात मिसळणं आहे. ही आमच्या आयांनी ठेवलेली नावं, कुणालाही कळतात. पण लेबेस, म्हणजे मोठी कढई, का लेबेस? हातात मावणारी, देवापुढं ओतायची पसरट वाटी फियाले का? विचारलं तर म्हातारे म्हणायचे, पूर्वीपासून तेच म्हणतात. या देशात आमच्याआधी जे लोक राहत होते त्यांची असतील, ते गेले, भांडी राहिली. सीरा माझ्या दुकानात अशी मुकी भांडी वेगळी काढून ठेवायची आणि त्यांच्याकडे एकटक बघत बसायची. गिऱ्हाइकाला वाटायचं विकायची नाहीत. माझं नुकसान व्हायचं ते वेगळंच.

पुरुषांचं तर भांडणच जुंपलं. कांशाला आम्ही खाल्कोस म्हणतो. फिलाग्रोस छाती फुगवून सांगे की हे नाव त्याच्या खाल्किस गावावरून पडलं, पहिलं कांसं तिथंच ओतलं गेलं. थ्रासोन म्हणे, गावाचं नाव कांशावरून पडलं, तुमच्या गावाला दुसरं काही नाव मिळालं नाही म्हणून. त्यावर फिलाग्रोस सांडशी घेऊन आमच्या दारापर्यंत आला होता. पोलादाचं तसंच. ते काळ्या समुद्राकडचे खालिबेस लोक करायचे, म्हणून लोखंडाच्या त्या कडक जातीला त्यांचंच नाव. कथिलाला कासितेरोस म्हणतात, पण कथिल कुठून येतं तेच कुणाला नक्की ठाऊक नाही, मग नावाचं काय घेऊन बसलात? आणि ऐरणीचा शब्द, आक्मोन, तो म्हणे मुळात आभाळातून पडणाऱ्या दगडाचा. पूर्वी दगडावरच ठोकत असतील.

सगळ्यात लागलं ते एका म्हाताऱ्या ओतकाराचं बोलणं. खाणीला आम्ही मेतालोन म्हणतो, आणि जुन्या गाण्यांत एखाद्याचा ठावठिकाणा विचारत हिंडणं याला जवळजवळ तोच शब्द आहे. म्हाताऱ्यानं ते कुठंतरी ऐकलं होतं. तेव्हापासून सीरा बंदरावर निघाली की तो हाक मारायचा, "खाण लागली का गं?" आळी हसायची. सीराही हसायची. पण चालायची थांबायची नाही.

ती बंदरावर जायची ते फिनिशियन व्यापाऱ्यांना गाठायला. कुणीतरी तिला सांगितलं होतं की हारूस आणि कद हे अस्सल त्यांचे शब्द. झालं. पिरेउसच्या धक्क्यावर त्यांच्या कितिओन गावची जहाजं लागली की ही हजर. शहरापासून बंदरापर्यंतच्या लांब भिंतींच्या मधल्या रस्त्यानं जायचं म्हणजे चांगली रपेट, पण तिला ऊन लागत नसे की पाऊस. त्यांच्या देवीची पूजा ती शिकली. त्यांच्यासारखे खजूर वाहू लागली. त्यांचे नमस्काराचे शब्द घरात म्हणू लागली. फिलाग्रोस मला म्हणाला, "मिका, मी शिरस्त्राण पुढं करतो आणि ही मला परक्या देवीचा आशीर्वाद देते. मी काय करू?" मी म्हटलं, आशीर्वाद घे, फुकट आहे.

त्या लोकांत अब्देमोन नावाचा एक पोक्त व्यापारी होता. तेल, कापड आणि मडकी आणायचा. सीरा त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायला शिकली, आणि एक दिवस तिनं त्याला विचारलं की मी तुमच्यातली, तर कुठल्या गावची असेन, बोलण्यावरून काही कळतं का? त्या दिवशी मी तिच्याबरोबर होते, मला खारवलेले मासे घ्यायचे होते. अब्देमोननं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला पोत्यावर बसवलं, स्वतः समोर बसला, आणि मलाही कळावं म्हणून आमच्याच भाषेत बोलला.

"बाई, शब्द आमचेच आहेत. पण तू आमची नाहीस."

सीरानं विचारलं, असं का?

"आमच्या पोरीला आईच्या मांडीवर अगदी पहिल्यांदा शिकवतात ते घशातले आवाज. ते तू माझ्याकडून शिकलीस, मोठेपणी, आणि अजून तुला नीट जमत नाहीत. आणि हारूस न् कद? ते आमच्या जहाजांतून मालाबरोबर उतरतात. पूर्वेच्या लिकियापासून पार पश्चिमेच्या टोकापर्यंत ज्या ज्या धक्क्यावर आम्ही सोनं न् मडकी उतरवली तिथं ते शब्द राहिले. तुझ्या या शेजारणीच्या तोंडीही आहेत. म्हणून ही काय माझी बहीण?"

परतताना सीरा माझ्यापुढं झपाझप चालत राहिली. मासे मीच दोन्ही हातांत घेतले.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. पूर्वी ती बंदराकडे जायची तेव्हा निदान दिशा होती. आता ती आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची आणि परत यायची. भाकर तव्यावर टाकून बाहेर पडायची. घर तिला खायला उठत होतं. वर्ख फाटू लागले. एकदा एका सेनानीच्या शिरस्त्राणावरचा मुलामा सुरकुतला, तेव्हा फिलाग्रोसनं तो स्वतः खरवडून काढला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं की कांशातच खोट होती. तांबटानं आपल्याच कांशाला खोटं म्हणणं सोपं नसतं. मी हे सीराला सांगितलं, तर ती म्हणाली, "मला कळतंय गं. पण आत कुणीतरी सारखं उठ उठ म्हणतंय."

आणि मग तिचा हात भाजला.

सकाळची वेळ होती. निखाऱ्यावर शिरस्त्राणाची गालपट्टी तापत ठेवली होती. सीराचं लक्ष नव्हतं. शेगडी कलंडली, आणि ती पट्टी पडू नये म्हणून तिनं उघड्या हातानं धरली. तिची किंकाळी घणांच्या ठोक्यांतूनही ऐकू आली. मी धावले. आमच्याकडे भाजलं, कापलं, की माणूस 'पापाय' म्हणून ओरडतो, लहान असो की थोर. गुलामही इथं चार वर्षं राहिला की तेच म्हणतो. सीरा हात छातीशी धरून ओरडत होती, "एनी! एनी!"

मी हातावर तेल आणि मध बांधला. ती शांत झाली तेव्हा विचारलं, काय म्हणत होतीस? तिलाच ठाऊक नव्हतं. "मी? मी पापाय म्हणाले असेन." मी म्हटलं, नाही बाई, सगळ्या आळीनं ऐकलंय. फिलाग्रोस दारात उभा होता, पांढराफटक. त्यानं मान हलवली. तो म्हणाला, "एनी म्हणालीस. आणि झोपेतही कधीकधी म्हणतेस. मला वाटायचं, कुणा मैत्रिणीचं नाव असेल."

सीरानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला दोन पावलं मागं सरावं लागलं. इतकी वर्षं एका अंथरुणात झोपून हे सांगितलं नाहीस? बांधलेला हात गळ्यात अडकवून ती त्याच दिवशी बंदरावर गेली. मी बरोबर गेले, कारण तिला ताप चढला होता.

ते धक्क्यावरचं हिंडणं मी विसरणार नाही. या वेळी ती शब्दाचा अर्थ विचारत नव्हती. लोकांत उभी राहून नुसता म्हणायची, "एनी," आणि तोंडांकडे बघायची. थ्रेसचे लोक, कारियाचे, इजिप्तचे. कुणाला ती भीक मागतेय असं वाटलं, कुणाला वेडी. एक खलाशी काहीतरी घाण बोलला, ते मी इथं सांगत नाही. मी म्हणत होते, चल, उद्या येऊ. शेवटी देवदाराचे ओंडके उतरवणाऱ्या फासेलिसच्या एका जहाजापाशी एक दांडगा माणूस मान वर करून हसला.

"कुणाच्या आईला हाका मारतेयस?" तो म्हणाला.

सीरा थबकली. म्हणाली, "काय म्हणालास?"

"एनी म्हणजे आई. आम्ही फासेलिसवाले तुमच्यासारखंच बोलतो, पण माझी बायको वर डोंगरातली आहे, लिकियाची. आमची पोरं पडली की एनी एनी करत तिच्याकडेच पळतात. माझ्याकडे कुणी फिरकत नाही."

सीरा खाली बसली, ओंडक्यांच्या सालींत. तो माणूस घाबरला, त्याला वाटलं आपण काही वावगं बोललो. त्यानं पाणी आणून दिलं.

मला वाटलं, संपलं. मिळालं की जे हवं होतं. घरी नेऊन झोपवीन, ताप उतरेल, सगळं नीट होईल. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली, भाजलेला हात मांडीवर घेऊन, आणि अगदी हळू आवाजात बोलू लागली. आमच्या आळीत हळू बोललेलं ऐकू येत नाही. मला खाली वाकून कान जवळ न्यावा लागला.

"मिका, आईची भाषा ती, तर मग हारूस म्हणणारं कोण होतं?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मी काल रात्रभर तेच बघतेय. ते ऊन, तो चमकता दागिना. मी नेहमी म्हणायचे कानातलं. ते कानात नव्हतं गं. ते दाढीच्या खाली होतं, गळ्यात. आणि तो माझ्याशी बोलतच नव्हता. माझ्या डोक्यावरून पलीकडच्या माणसाशी बोलत होता. सोनं म्हणत होता, मडकं म्हणत होता. माझ्या बदल्यात काय काय, ते चाललं होतं."

मी तिचा चांगला हात धरून ठेवला. दुसरं काय करणार? इतकी वर्षं बाईनं जे आईचं म्हणून जपलं, ते तिला विकणाऱ्याचं निघालं. आणि आईचं जे होतं ते तिच्या तोंडात होतं, आणि तिला ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर ती जाणार हे सगळ्यांना कळलं होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. शेवटी फिलाग्रोसच बोलला. मोकळी झालेली बाई एकटी समुद्रावर निघाली तर तिला पुन्हा धरून विकणारे वाटोवाट बसलेले असतात, हे त्याला ठाऊक होतं. ते तो ओरडून सांगू लागला, घण आपटत. सीरानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला तुझं खाल्किस आहे. तू त्याच्यावरून भांडतोस तरी."

दोन दिवस तो ऐरणीवरून उठला नाही. मग स्वतःच बंदरावर गेला आणि त्या फासेलिसच्या माणसाला भेटला. ओंडक्यांच्या जहाजावर त्याची लिकियन बायको पुढच्या खेपेला येणार होती, तिच्या हाती सीराला सोपवायचं ठरलं. फिलाग्रोसनं आपला जाड झगा दिला, चीज आणि वाळलेली अंजिरं बांधून दिली, आणि एक छोटा सुरा. जहाज सुटलं तेव्हा तो धक्क्यावर उभा राहिला नाही. आधीच पाठ फिरवून आळीत आला आणि कामाला बसला. त्या दिवशी त्याचं शिरस्त्राण इतकं वाकडं झालं की थ्रासोननं त्यात कोंबड्यांना पाणी ठेवू का म्हणून विचारलं.

हिवाळा आला, समुद्र बंद झाला. सीरा येईन म्हणाली होती शरदात. आली नाही. फिलाग्रोसनं जेवण टाकलं नाही, काम टाकलं नाही, पण आता तो बंदरावर जाऊ लागला. बंद समुद्राकडे बघून काय मिळणार? वारा अंगावर घेऊन यायचा आणि माझ्या चुलीपाशी मसुरीचं कालवण खात म्हणायचा, बुडाली नसेल ना. धरली नसेल ना. मग जरा वेळानं, अगदी खालच्या आवाजात, आई सापडली असेल तर ती कशाला येते परत? मी म्हणायचे, येईल. मलाही खात्री नव्हती.

वसंतात पहिल्या जहाजांबरोबर ती आली. उन्हानं रापलेली, बारीक झालेली, आणि डोक्यावरचे केस कापलेले. आमच्यात कुणी गेलं की केस कापतात. फिलाग्रोस तिच्या डोक्याकडेच बघत राहिला आणि पहिला प्रश्न त्यानं केला तो हाच: "कोण गेलं?"

तिनं जे सांगितलं ते असं. डोंगरात गावोगाव पोरं एनी एनी करत होती, आणि प्रत्येक हाकेला तिचीच मान वळायची. पण तिला ओळखणारं कुणी नव्हतं. कसं असणार? त्या किनाऱ्यावर दरोडे इतके पडले होते की प्रत्येक गावाची एखादी मुलगी गेलेलीच होती. लोक तिला दारात उभं करून विचारायचे, अमकीची का तू? तमकीची का? आणि तिचं वय, रंग, खूण जुळली नाही की पुन्हा आत जायचे. असं हिंडता हिंडता एका गावात एक आंधळी व्हायला आलेली म्हातारी भेटली. तिनं सीराचा चेहरा हातांनी चाचपला आणि म्हणाली, आलीस.

शेजाऱ्यांनी सीराला बाजूला घेऊन सांगितलं की ही तुझी आई नव्हे. हिची मुलगी गेली ती लग्नाच्या वयाची असताना, तू तर लेकरू होतीस. सीरालाही ते कळत होतं. तरी ती राहिली. म्हातारीला उठवत नव्हतं, घरात करणारं कुणी नव्हतं. सीरानं पाणी भरलं, जवाचं पीठ दळलं, तिची वेणी घातली, आणि तिला एनी म्हणत राहिली. हिवाळाभर. भाषा हळूहळू कानात उघडत गेली, म्हणाली, जणू भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू यावं. थंडी सरता सरता म्हातारी गेली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी सीरा तिचे पाय चोळत होती, तेव्हा म्हातारी म्हणाली, "माझी मुलगी एवढी कामसू नव्हती."

"म्हणजे तिला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"सुरुवातीपासून असेल," सीरा म्हणाली. "मी काही विचारलं नाही. पाय चोळत राहिले."

फिलाग्रोसनं विचारलं की मग आता तुला काय म्हणायचं, म्हातारीनं काही नाव ठेवलं का? ती म्हणाली, ज्या नावानं ती हाक मारायची ते तिच्या मुलीचं होतं, ती कुठंतरी असेल तर तिचं तिला असू दे. मला सीराच म्हणा. थ्रासोननं विचारलं की तिकडं पाण्याच्या हंड्याला काय म्हणतात. तिनं सांगितलं. आम्ही सगळ्यांनी म्हणून पाहिलं, कुणाच्या जिभेवर बसेना. थ्रासोन तर म्हणाला, या नावानं मी एकही हंडा विकू शकणार नाही.

ती पुन्हा वर्ख ठोकू लागली. काम पहिल्यासारखं झालं, किंबहुना जास्तच चांगलं. पण ती निवली असं म्हणाल, तर नाही. उन्हाळा सरत आला तसं पुन्हा तेच सुरू झालं, उठणं, बसणं, दारातून समुद्राच्या दिशेला बघणं. एक दिवस मला म्हणाली, म्हातारीच्या कबरीवर वर्षाचं तेल ओतायला कुणी नाही. आणि वर आणखी गावं राहिलीत, पलीकडच्या खोऱ्यात, तिथं मी गेलेच नाही.

"तिथं तरी कोण असणार आहे?" मी विचारलं.

"ते गेल्याशिवाय कसं कळणार?"

या वेळी फिलाग्रोसनं घण आपटला नाही. त्यानं भाता गुंडाळला, साचे माळ्यावर टाकले, ऐरण आमच्या दुकानात सरकवून ठेवली आणि थ्रासोनला बजावलं की हिच्यावर हंडे ठोकायचे नाहीत. मी विचारलं, तू कशाला जातोस, तुला तिकडची भाषा तरी येते का? तो म्हणाला, "हिवाळाभर त्या धक्क्यावर उभं राहण्यापेक्षा बुडालेलं बरं."

ते गेले त्याला आता बराच काळ झाला. त्यांच्या बंद दारावर लोक येऊन ठोठावतात, मग माझ्याकडे येतात. लढाया काही थांबत नाहीत, शिरस्त्राणं लागतातच. मी सांगते, वसंतात या. कुठल्या वसंतात, असं एकानं विचारलं, तेव्हा मी त्याला एक कढई विकली आणि वाटेला लावलं.